स्पड आणि कालचा पेपर

मंगळवार, ११ जून २०२४. पहाटे दंव. रात्रभर दोरीवर राहिलेले कपडे कडक झाले होते. ६.१० ला स्पडला मागच्या हिरवळीवर नेलं. पंचवीस मिनिटं उभी होते. काही नाही. आत आणून पिंजऱ्यात ठेवला. ६.५० ला पिंजरा ओला. ओरडले. बाहेर काढल्यावर थेट फ्रिजपुढे जाऊन बसला. निर्लज्ज. अकराला ग्लेनिस पायबस येऊन गेली. शुक्रवार, २८ पर्यंत मुदत. दुपारी मांस, कोबी, उकडलेले बटाटे.

इमेल्डा टियर्नीने पेनाला टोपण लावलं आणि लिहिलेलं पुन्हा एकदा वाचून पाहिलं. ‘निर्लज्ज’ हा शब्द तिला खटकला. काय झालं तेवढंच डायरीत लिहायचं, ही शिस्त तिला तेराव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अल्फॉन्ससने लावली होती. “तुला काय वाटलं ते देवाला कळतं, त्याला पुन्हा सांगत बसू नकोस,” असं सिस्टर म्हणत. तेव्हापासून सहासष्ट डायऱ्या झाल्या. दंव, पाऊस, कोण आलं, कोण गेलं, जेवायला काय होतं, सगळं त्यांत होतं. नवरा डेस वारला त्या दिवशीच्या नोंदीत वेळ, डॉक्टरचं नाव आणि ‘दूधवाल्याला नको म्हणून सांगितलं’ एवढंच होतं. तरी ‘निर्लज्ज’ तिने खोडला नाही. खाडाखोड करायची नाही, हीसुद्धा सिस्टरचीच शिस्त.

स्पड म्हणजे बटाटा. रंग तसाच मातकट, अंगही तसंच ओबडधोबड, पाय आखूड, एक कान उभा आणि एक पडलेला. सहा वर्षांचं हे कुत्रं तिच्या धाकट्या बहिणीचं, कार्मेलचं. कार्मेल एप्रिलमध्ये डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात वारली. त्याच्या दोन दिवस आधी तिने इमेल्डाचं मनगट धरून ठेवलं होतं.

“स्पडला कुठं देऊन टाकू नकोस हं, मेल.”

“नाही गं देणार.”

“शपथ?”

“शपथ.”

इमेल्डा राहायची ती अल्व्हरस्टनला, समुद्रापासून दोन रस्ते आत, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत. दक्षिण गोलार्धातलं गाव, त्यामुळे जून म्हणजे ऐन हिवाळा. बारा बैठी घरं, प्रत्येकामागे चटईएवढी हिरवळ, आणि सगळ्या घरांत वसाहतीचा एकाच फिक्या रंगाचा गालिचा. दहा किलोच्या आतलं आणि घरात घाण न करणारं कुत्रं चालेल, असा नियम. दहा किलोच्या आत स्पड आरामात बसत होता. नियमाचा दुसरा भाग त्याला मान्य नव्हता.

“इमेल्डा, मी काही दुष्ट नाही हो,” वसाहतीची व्यवस्थापक ग्लेनिस त्या दिवशी गालिच्यावरचे डाग मोजत म्हणाली होती. “पण सहा आठवडे ठरले होते. अठ्ठावीस तारखेला मी परत येईन. तोवर सुधारला तर ठीक, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय बघायला लागेल.”

“दुसरीकडे म्हणजे कुठं?”

ग्लेनिस पुढचा डाग मोजायला वाकली. सहा वर्षांचं, घरभर मुतणारं कुत्रं कोण घेणार? उत्तर दोघींनाही माहीत होतं.

पिंजरा दवाखान्यातल्या जोलीनने दिला होता. पन्नाशी उलटलेली ही बाई, निम्मा जन्म गाईंच्या गोठ्यात काढून मग जनावरांच्या डॉक्टरकडे लागलेली.

“पहिली गोष्ट, पिंजरा म्हणायचं नाही,” तिने बजावलं होतं. “ते त्याचं घर. जेमतेम उभं राहून वळता येईल एवढंच मोठं. कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. जेवण आत द्यायचं. झोपून उठला की सरळ बाहेर न्यायचं. बाहेर केलं की तिथल्या तिथं कौतुक, घरात येऊन नाही. आणि शिक्षा बिलकूल नाही. ती जागा शिक्षेची वाटली की सगळं मुसळ केरात.”

इमेल्डाने हे सगळं डायरीत आकडे घालून उतरवलं होतं. खाली काय अंथरायचं, ते मात्र तिने विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय? तिच्या माहेरी शेतावर आईविना राहिलेली कोकरं चुलीजवळच्या खोक्यात असत, त्यांच्याखाली पेपर. खुडूक कोंबडीखाली पेपर. बैठकीतल्या पिवळ्या पाखराच्या पिंजऱ्यातही पेपर. जनावराखाली कालचा पेपर घालतात, हे त्या किनाऱ्यावर कुणी कुणाला शिकवत नाही. तिने रोज सकाळी स्वच्छ पेपर घातला, घडी सारखी करून, कोपरे दाबून.

आणि स्पडने रोज तो भिजवला. जिथं झोपायचं तिथंच. खुर्चीशेजारी शब्दकोड्यासाठी ठेवलेला ढीगसुद्धा त्याने सोडला नाही.

“तुरुंगातला कैदी काय म्हणतो?” शेजारच्या केव्हर्न ब्रॅमिचने कुंपणावरून विचारलं. वय ब्याऐंशी. जन्मभर मेंढ्यांमागची कुत्री तयार केली, त्यामुळे लहान कुत्र्यांना तो कुत्री मानतच नव्हता.

“हट्टी आहे. तीन आठवडे झाले.”

“तुझंच वळण घेतलंय त्याने. कुत्रा मालकिणीवर जातो, मेल्डा.”

“तू तुझा रुबार्बचा वाफा बघ.”

“तेच बघतोय. तुझे जुने पेपर दे की सगळे. वाफ्यावर अंथरतो, वर पेंढा टाकतो, तण येत नाही.”

गुरुवारी तो ढीगच्या ढीग घेऊन गेला, त्या दिवशीचा ताजा पेपरसुद्धा. पिंजऱ्यात घालायला काही उरलं नाही म्हणून इमेल्डाने डेसचा एक जुना टॉवेल घातला. दुपारी कुंपणापलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

“मेल्डा! अगं, तुझा बटाटा माझ्या रुबार्बवर मुततोय! पेंढा आणायला आत गेलो तेवढ्यात!”

स्पड कुंपणाखालच्या फटीतून परत आला, मागच्या दारातून आत गेला आणि फ्रिजपुढे बसला. इमेल्डाने केव्हर्नची माफी मागितली. संध्याकाळी लिहिलं: पेपर नाहीत. पिंजऱ्यात टॉवेल. कोरडा. के.च्या वाफ्यावर घाण केली. परत फ्रिज. शुक्रवारीही तेच: टॉवेल, कोरडा, के.चा वाफा, फ्रिज. ओळी तिच्याच हातच्या, एकाखाली एक. तिने त्या लिहिल्या, शाई वाळू दिली आणि वही मिटली.

शनिवारी ताजा पेपर आला. दोन दिवस कोरडे गेले म्हणून ती खुशीत होती. टॉवेल धुवायला टाकला आणि बक्षीस दिल्यासारखा स्वच्छ, कोरा करकरीत पेपर पिंजऱ्यात घातला. कोडं सोडवून होईपर्यंत तो चिंब झाला होता.

इमेल्डा उठली. हातात राहिलेली पेपरची पानं गुंडाळली, पिंजऱ्याचं दार उघडलं, आणि तो बाहेर आल्या आल्या तिने मारलं. एकदाच. तिचे वडील शेतावरच्या कुत्र्यांना मारत तसं, मागच्या भागावर. फटका लागला त्यापेक्षा आवाज मोठा झाला. स्पड केकाटला आणि जमिनीशी सपाट झाला.

तिच्या हातातून गुंडाळी सुटली. पानं गालिच्यावर उलगडली.

स्पडने पानांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. दोन्ही कान पाडून, पोटावर सरकत तो त्या पानांपर्यंत गेला, वर चढला आणि बसला. पोटात काही उरलंच नव्हतं. मागचे पाय थरथरत होते. खूप जोर करून त्याने चार थेंब काढले, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि हळूहळू चालत फ्रिजपुढे जाऊन बसला. शेपटी हलवत नव्हता. नुसता वाट बघत होता.

इमेल्डाने फ्रिजच्या दाराकडे पाहिलं.

कार्मेलच्या फ्रिजमध्ये दाराच्या खणात एक छोटा डबा असायचा. वर चिकटपट्टीवर कार्मेलच्या, वाचनालयातल्या नोकरीत घोटलेल्या अक्षरात ‘स्पड’ लिहिलेलं. एप्रिलमध्ये फ्लॅट रिकामा करताना इमेल्डानेच तो उघडला होता. ते डायरीतही होतं: फ्रिज रिकामा केला. अर्धं लोणी, लोणचं, चीजचे तुकडे डब्यात. फेकले.

ती कपाटाशी गेली आणि मागल्या वर्षीची वही काढली. काय शोधायचं ते तिला नीट माहीत नव्हतं, पण हात थांबेना.

सापडायला वेळ लागला नाही. रविवार, ६ ऑगस्ट २०२३. चर्चमध्ये मास, नंतर कार्मेलकडे. वाटाण्याचं सूप. बाथरूमभर पेपर पसरलेले. हल्ली घराकडे लक्ष नाही तिचं. बोलले नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जिन्याशिवाय वाट नाही. त्या वर्षीच्या मार्चपासून कार्मेलला दम लागायचा, वाणसामान लोक वर आणून देत, आणि कुत्र्याला दिवसातून तीनदा खाली नेणं तिच्याच्याने होत नव्हतं. म्हणून तिने, आजारी बाईने, चार वर्षं हिरवळीवर जाणाऱ्या कुत्र्याला खुर्चीत बसल्या बसल्या नवं शिकवलं. पेपरवर कर. शहाणा. चल, चीज खा. त्याने मुकाट्याने शिकूनही घेतलं. एवढं शिकलेल्या कुत्र्याला हट्टी म्हणायचं, पिंजऱ्यात कोंडायचं, त्याच्या पायाखाली रोज सकाळी पेपर घालायचा आणि पेपरवर केलं म्हणून पेपरनेच मारायचं.

एवढंच असतं तर तिने वही मिटली असती. पण मागची पानं उलटली गेली.

मंगळवार, १८ एप्रिल. कार्मेलचा फोन. सकाळी येऊन स्पडला खाली नेशील का म्हणते. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. पत्ते मार्गरेटकडे. जिंकले.

शुक्रवार, ५ मे. कार्मेलचा फोन. कुत्र्याचंच. आठवड्यातून दोनदा तरी ये म्हणते. गुडघ्याचं सांगितलं. दुपारी धक्क्यापर्यंत चालत जाऊन आले, चाळीस मिनिटं. हवा छान.

मग जून. मग जुलै. नऊ वेळा. आणि दहावा फोन, २५ जुलैचा: कार्मेलचा फोन. स्पडची आता सोय झाली म्हणते, काळजी करू नकोस म्हणते. गॅरेजमध्ये फडताळ बसवून घेतलं.

‘काळजी करू नकोस’ हे कार्मेलचे शब्द तिने जसेच्या तसे उतरवले होते. आपण काळजी करत नव्हतो, हे तेवढं लिहायचं राहिलं होतं. गाडीने वीस मिनिटांचा रस्ता. कपड्यांना लागून कुत्र्याचे केस सीटवर येतात. तिथला जिना कुबट होता. याहून मोठं कारण तिला आता शोधूनही मिळेना. गुडघा मात्र तेव्हाही ठीक होता आणि आजही आहे.

स्पड अजून फ्रिजपुढेच होता. तिने फ्रिज उघडून चीज काढलं. कापताना तुकडे लहानमोठे झाले. त्याने तिच्या बोटांवरून इतक्या अलगद तुकडा उचलला, की तिला तो चावला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारी जोलीनने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“अहो बाई, म्हणजे हा आधीच शिकलेला आहे! आपण त्याला संडासात झोपवत होतो आणि वर म्हणत होतो, बघा कसा झोपायच्या जागी घाण करतो!”

“आपण नाही. मी.”

“बरं, तुम्ही. आता पेपर घराबाहेर. हिरवळीवर अंथरा, कोपऱ्यांवर दगड. रोज थोडा लहान करत जा. तिथंच चीज, तिथंच कौतुक. घरात कागदाचा कपटा नको. आणि घरात त्याच्या खाली टॉवेल.”

“मी त्याला मारलं, जोलीन.”

“एकदाच ना?”

“एकदाच.”

“तो विसरेल हो.”

हेच इमेल्डाला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहा दहाला ती डेसचा जाड कोट चढवून, खिशात चीज घेऊन हिरवळीवर उभी राहू लागली. दंवाने पेपर जमिनीला चिकटायचा. पहिल्या दिवशी स्पडने पेपर हुंगला, मग दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“घाबरू नकोस रे. कर. तुझाच आहे.”

त्याने केलं. ती वाकली, चीज दिलं, डोक्यावर हात ठेवला. कुंपणापलीकडे केव्हर्न चहाचा मग घेऊन उभा होता.

“गावात साहेब लोक सकाळी पेपर वाचतात. तुझा साहेब त्याच्यावर सरळ मतच देतो.”

ती हसली नाही. त्यालाही ते कळलं.

“काय झालं गं?”

“कार्मेलने मला नऊ वेळा बोलावलं होतं. याला खाली न्यायला. मी गुडघा सांगितला.”

केव्हर्नने चहाचा मग कुंपणाच्या खांबावर ठेवला. मग म्हणाला, “मी गार्बोला, माझ्या सगळ्यात चांगल्या कुत्रीला, पावसात बांधून विसरलो होतो. रात्रभर. पंचावन्न वर्षं झाली.” चहाचा मग उचलून तो आत गेला.

गुरुवारी, २० तारखेला खुर्चीशेजारी कोड्याचं पान राहून गेलं आणि भिजलं. तिने लिहिलं: माझी चूक. बाकी दिवस कोरडे गेले. पेपरचं पूर्ण पान अर्धं झालं, मग पाव, मग पोस्टकार्डाएवढं. दुपारी ती घराबाहेर जाताना स्पड आपणहून पिंजऱ्यात शिरे आणि टॉवेलवर तीन गिरक्या घेऊन बसे. डेसचा टॉवेल त्याला आवडला होता. तिने पिंजऱ्यावर कार्मेलचा लोकरी स्वेटर घातला होता, आडोसा म्हणून. त्याला वास ओळखू आला असावा. तिलाही येत होता.

शुक्रवारी, अठ्ठावीसला पाऊस होता, आडवा, समुद्राकडून येणारा. ग्लेनिस घंटी वाजवून थकली आणि घराला वळसा घालून मागे आली. बघते तर इमेल्डा रबरी बूट घालून हिरवळीत उभी, छत्री स्वतःवर न धरता खाली वाकून धरलेली, छत्रीखाली स्पड, आणि स्पडखाली एक लगदा झालेला कपटा.

“अहो, भिजताय काय अशा!”

“थांबा जरा. होतंय त्याचं.”

झालं. चीज दिलं गेलं. तिघं आत आली. ग्लेनिसने गालिचा पाहिला, खाली वाकून हुंगलाही. मग टेबलावर उघडून ठेवलेली वही वाचली.

“एकच दिवस चुकला? वीस तारीख?”

“त्याचा नाही, माझा. पान मी विसरले.”

“तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं, नाहीतर मला कुठं कळणार होतं!” ग्लेनिस हसली. “राहू दे त्याला. बाहेर जाताना पिंजऱ्यात ठेवत जा, आणि दोन महिन्यांनी मी एकदा डोकावेन. खरं सांगू, या वयात कोण एवढं करतं? तुमची बहीण नशीबवान हो, तुमच्यासारखी बहीण मिळाली.”

“नाही,” इमेल्डा म्हणाली.

“म्हणजे?”

“ती मला बोलवायची. कुत्र्याला जिना उतरवायला. मी गेले नाही. म्हणून त्याला पेपरची सवय लागली.”

“अहो, तुमचाही गुडघा वगैरे दुखत असेल तेव्हा...”

“नव्हता दुखत.”

ग्लेनिसने छत्री उघडली, घरात असल्याचं ध्यानात येऊन परत मिटली. “बरं,” ती म्हणाली. “बरं. येते मी.” तिचे बूट वाजत फाटकापर्यंत गेले.

इमेल्डाने वही पुढे ओढली. वेळ, पाऊस, ग्लेनिस, मुदत नाही, कुत्रा राहतो. हे सगळं लिहून झालं. दोन आठवडेही लागले नव्हते. कार्मेलने मागितलं होतं ते यापेक्षा फारसं जास्त नव्हतं. पुढं काहीतरी लिहावं म्हणून तिने पेन तसंच धरून ठेवलं. शाईचा एक बारीक ठिपका कागदावर पडला. पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. स्पड आत टॉवेलवर झोपला होता, एक कान उभा, एक पडलेला. कबुली द्यायची तर फादरला द्यायची, पण फादर तिला माफ करून टाकेल, लगेच, आणि वर चहा घेऊन जा म्हणेल.

ठिपका वाळला. त्याच्या पुढून तिने लिहिलं:

चीज संपलं. उद्या आणायचं.